वीस ग्रॅमांचा हिशेब

डोंगरवाटांवर चालवायच्या सायकलींचा नाद ज्याला एकदा लागला, त्याच्या घरी वजनकाटा येण्यास फार दिवस लागत नाहीत. आधी चाकांचे वजन होते, मग सीटचे, मग हँडलचे, आणि जिथून काही कमी करता येईल असे सहसा कोणाच्या मनात येणार नाही, अशा साखळीवर त्याची नजर सगळ्यांत शेवटी येऊन ठरते. दुकानात दोन साखळ्या शेजारी शेजारी टांगलेल्या असतात : एक करड्या रंगाची, भरीव पिनांची, पावणेतीनशे ग्रॅमांच्या आतबाहेर भरणारी, दुसरी सोनेरी, जिच्या पट्ट्यांना लांबट खाचा आणि पिनांना आरपार भोके आहेत, जी अडीचशेच्या आसपास उतरते आणि जिच्यासाठी पहिलीच्या दुप्पट, क्वचित तिप्पट पैसे मोजावे लागतात. दुसरीचे वजन पाहून हरखलेले गिऱ्हाईक भोके पाहून मात्र थबकते. तांब्यापितळेची भांडी हातावर तोलून पारखणाऱ्या घरांतून आपल्याकडे चालत आलेला न्याय असा की, जड ते टिकाऊ आणि हलके ते तकलादू. आणि हा न्याय साखळीला लावला तर सोनेरी साखळी चार पावसाळी सफरींत निकालात निघाली पाहिजे. वस्तुस्थिती तशी नाही. ती कशी आहे हे समजून घेण्यासाठी मात्र साखळीच्या अंतरंगात थोडे उतरावे लागते.

डोंगरी सायकलीच्या साखळीत साधारणतः ११४ ते १२६ कड्या असतात. १२६ कड्यांची साखळी घेतली, तर तीत २५२ पट्ट्या, १२६ पिना आणि तितकेच रोलर, म्हणजे पाचशेच्या वर सुटे भाग नांदत असतात, आणि सायकल चालू असेतो यांतील प्रत्येक पिनेला प्रत्येक फेऱ्यात अनेकदा भाराखाली वळावे लागते. हा सारा व्यवहार ज्याने कायमचा मार्गी लावला तो हान्स रेनॉल्ड हा मूळचा स्वित्झर्लंडमधील आराऊचा. तो इंग्लंडात येऊन मँचेस्टर येथे स्थायिक झाला, १८७९ मध्ये शेजारच्या साल्फर्ड येथील जेम्स स्लेटर याचा साखळ्यांचा लहानसा कारखाना त्याने विकत घेतला, आणि पुढच्याच वर्षी आपल्या बुश-रोलर साखळीचे पेटंट मिळवले. स्लेटरच्या साखळीत पिनेचा सगळा भार पातळ पट्टीतील भोकाच्या कडेवर पडे, आणि इतक्या अरुंद जागी घासले गेल्यामुळे पीन आणि भोक ही दोन्ही लवकर झिजत. रेनॉल्डने मधे एक पोकळ नळी, म्हणजे बुश, घालून तोच भार पिनेच्या जवळजवळ सबंध लांबीवर पसरवून दिला. ही सुधारणा होताना साखळीचे वजन घटले नाही, उलट वाढलेच असावे. पण तिचे आयुष्य किती तरी पटींनी वाढले, कारण जिथे झीज होते नेमकी तीच जागा त्याने रुंद केली. पाच वर्षांनी, १८८५ मध्ये, कॉव्हेंट्री येथे जॉन केम्प स्टार्ली याची रोव्हर सायकल निघाली आणि मागच्या चाकाला साखळीने गती देण्याची रीत रूढ झाली, ती आजतागायत टिकून आहे. पुढे रूढ झालेले अर्ध्या इंचाचे, म्हणजे १२.७ मिलिमीटरांचे, दोन पिनांमधील अंतरही आज तसेच आहे.

रेनॉल्डच्या त्या बुशाला साधारण १९८० च्या सुमारास सायकलींच्या साखळीतून मात्र रजा मिळाली. सेदिस या फ्रेंच कारखान्याने आतल्या पट्टीतील भोकाच्या कडाच आतल्या बाजूला वळवून त्यांची छोटीशी गळपट्टी केली. समोरासमोरच्या दोन पट्ट्यांच्या अशा दोन गळपट्ट्या मिळून बुशाचे काम करू लागल्या आणि स्वतंत्र नळीची गरज उरली नाही. साखळी हलकी झाली, स्वस्त झाली, बाजूंना अधिक लवू लागली, आणि दोन गळपट्ट्यांमधील फटीतून तेल पिनेपर्यंत सहज पोहोचू लागले. ज्या फटीतून तेल जाते तिच्यातून चिखलाचे पाणीही जाते, याचा उल्लेख तेव्हाच्या जाहिरातींत कोणी केला असेल असे मला वाटत नाही. आज बाजारात मिळणारी गिअरच्या सायकलीची झाडून सारी साखळी याच घडणीची आहे. सेदिस पुढे जर्मन साक्स कंपनीकडे गेली, आणि साक्सचा सायकल-विभाग १९९७ मध्ये अमेरिकन स्रॅम कंपनीने घेतला.

डोंगरी सायकलीला प्रारंभी यातल्या कशाचीच फिकीर नव्हती. कॅलिफोर्नियातील मरीन काउंटीत, टामलपाईस डोंगराच्या परिसरात, १९७६ मध्ये जी मंडळी ‘रीपॅक’ नावाची उताराची शर्यत लावू लागली, त्यांच्या सायकली जुन्यापान्या, बोजड आणि बहुतांशी एकाच गिअरच्या होत्या; त्यांना बसवलेली साखळी रुंद, जाड आणि बेफिकीर असे. पुढे याच सायकलीला चढ चढायची आस लागली, गिअर वाढत गेले, आणि मागच्या चाकाच्या दांड्यावर दातेरी चक्रांची दाटी होऊ लागली. जागा तेवढीच, चक्रे अधिक. तेव्हा साखळीने अंग चोरून घ्यावे यावाचून गत्यंतर राहिले नाही. आठ चक्रांच्या काळात साखळीची बाहेरून रुंदी सुमारे ७.१ मिलिमीटर असे. नऊ चक्रांना ती ६.६ वर आली, दहांना ५.९, अकरांना साधारण ५.५, आणि आजच्या बारा चक्रांच्या साखळीची रुंदी सव्वापाच मिलिमीटरांच्या घरात आहे. स्रॅमने २०१६ मध्ये ईगल नावाची बारा चक्रांची मांडणी बाजारात आणली. तिच्या सर्वांत लहान चक्राला १० दाते आणि सर्वांत मोठ्याला ५० होते, आणि पुढे एकच चक्र. शिमानोने २०१८ मध्ये १० ते ५१ दात्यांची आपली मांडणी काढली. या बारीक होण्यात वजन आपोआप घटले, आणि त्यावर आणखी घट करण्यासाठी कारखानदारांनी भोके पाडली. तैवानच्या केएमसी कंपनीच्या ‘एसएल’ मालिकेतील साखळ्यांना पिनांत आरपार विवर आणि पट्ट्यांत खाचा अशी दुहेरी काटकसर असते.

ही काटकसर कोठून केली जाते ते पाहिले, की गिऱ्हाईकाची शंका बरीचशी निवते. एखाद्या भरीव दांडीच्या मध्यातून तिच्या व्यासाच्या निम्म्या व्यासाचे भोक आरपार पाडले, तर तिचे वजन चौथ्या हिश्शाने कमी होते, पण वाकण्याला विरोध करण्याची तिची ताकद केवळ सोळाव्या हिश्शाने घटते, हे यंत्रशास्त्राचे साधे गणित आहे. कारण वाकताना खरा भार दांडीच्या बाहेरच्या थरांवर पडतो आणि गाभ्यातील धातू बराचसा फुकटचा भाडेकरू असतो. कातर सोसण्याची ताकद मात्र वजनाच्याच प्रमाणात, म्हणजे चौथ्या हिश्शाने, कमी होते, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पण पीन कातरली जाऊन साखळी तुटल्याचे उदाहरण सहसा पाहायला मिळत नाही. पट्टीचेही तसेच. पट्टी सगळ्यांत अशक्त असते ती पिनेच्या भोकापाशी, कारण तिथली बरीच रुंदी आधीच भोकाने खाल्लेली असते. तेव्हा मधल्या भागात बेताची खाच पाडली, तर तिथे पूर्वी जादा असलेला धातू तेवढा जातो आणि तोडण्यास लागणारे बळ फारसे बदलत नाही. सगळ्या पिना आणि पट्ट्या मिळून ही बचत होते पंधरा ते पंचवीस ग्रॅमांची.

आता झिजेकडे वळू; कारण टिकाऊपणाचा मूळ मामला तिथेच आहे. साखळी जुनी झाली की लांबते हे सायकल चालवणाऱ्या प्रत्येकाने पाहिलेले असते. पट्ट्यांचा धातू ताणला जाऊन तसे होत नाही. एक कडी उकलून, रॉकेलने धुऊन उजेडात धरली, तर दिसते ते असे : पिनेच्या एका अंगाला, जिकडून ओढ पडते तिकडे, एक चकचकीत खोलगट पट्टा उमटलेला असतो, दुसरे अंग कारखान्यातून आले तसेच गुळगुळीत असते, आणि आतल्या पट्टीच्या गळपट्टीत त्या खोलगट भागाचेच उलटे प्रतिबिंब कोरलेले असते. अशा प्रत्येक सांध्यात सरासरी सहा शतांश मिलिमीटर, म्हणजे डोक्याच्या केसाच्या जाडीइतकी झीज झाली की, १२६ कड्यांची सुमारे १६०० मिलिमीटर लांबीची साखळी आठ मिलिमीटरांनी लांब होते. आणि हे अर्ध्या टक्क्याचे लांबणे हीच अकरा-बारा चक्रांच्या साखळीला निरोप देण्याची शिफारस केलेली मुदत आहे. त्यापलीकडे ती चालवली, तर तिच्या पिनांमधील वाढलेले अंतर चक्रांच्या दात्यांना आपल्या मापाप्रमाणे झिजवू लागते, आणि मग नवी साखळी घातली तरी ती त्या दात्यांवरून घसरते. म्हणजे साखळीचे पैसे वाचवण्याच्या नादात तिच्या कितीतरी पट महाग कॅसेट, म्हणजे मागच्या चक्रांचा संच, गमवावी लागते.

हे चित्र डोळ्यांसमोर ठेवले म्हणजे ध्यानात येते की, झीज होते ती पिनेच्या बाहेरच्या पृष्ठभागावर आणि गळपट्टीच्या आतल्या पृष्ठभागावर; आणि वजन कमी करण्यासाठी भोक पाडले जाते ते पिनेच्या गाभ्यात. या दोन जागांचा एकमेकींशी काही संबंध नाही. पीन आतून पोकळ आहे की भरीव, याची तिच्या पृष्ठभागावर घासणाऱ्या वाळूच्या कणाला दादही नसते. त्याला अडवतो तो पृष्ठभागाचा कठीणपणा. म्हणून साखळीचे आयुष्य ठरते ते पिनेवर क्रोमियमचा कठीण थर दिला आहे काय, आणि दिला असेल तर तो किती चांगला दिला आहे, यावर. ऑस्ट्रेलियातील झिरो फ्रिक्शन सायकलिंग या संस्थेने साखळ्या यंत्रावर चढवून, त्यांच्यावर वाळू आणि पाणी टाकून, हजारो किलोमीटर चालवून पाहिल्या, तेव्हा ईगल मालिकेतील वरच्या दर्जाच्या साखळ्या, ज्यांच्या पिना पोकळ पण कठीण क्रोमच्या थराने मढवलेल्या आहेत, त्या अव्वल ठरल्या, आणि त्याच मालिकेतील भरीव पिनांच्या स्वस्त साखळ्या त्यांच्यापुढे टिकल्या नाहीत. हलकी साखळी अधिक टिकली, पण हलकेपणामुळे टिकली असे मात्र नाही. महाग साखळीला कारखानदार भोकही पाडतो आणि थरही चांगला देतो, इतकाच त्याचा अर्थ. म्हणून सोनेरी रंगाला भुलण्याआधी गिऱ्हाईकाने दुकानदाराला विचारावे की, हा टायटॅनियम नायट्राइडचा मुलामा नुसता बाहेरच्या पट्ट्यांवर आहे की पिनांपर्यंत पोहोचला आहे. बाहेरच्या पट्टीची बाहेरची बाजू सांध्यातील झिजेत सापडत नाही, तेव्हा तिथल्या मुलाम्याचा उपयोग शोभेपुरता.

झिजणे आणि तुटणे ह्या मात्र दोन वेगळ्या गोष्टी. सत्तर किलोचा मनुष्य पायांवर उभा राहून चढ चढत असेल, क्रँक, म्हणजे पायडलाचा दांडा, १७५ मिलिमीटर लांब असेल आणि पुढचे चक्र ३२ दात्यांचे असेल, तर तरफेच्या नियमाने साखळीवर सुमारे १९० किलोची ओढ पडते. नव्या साखळीची सरळ ओढ सोसण्याची क्षमता याच्या चौपट तरी असते, मग ती हलकी असो की जड. तेव्हा सरळ ओढीने साखळी तुटणे जवळजवळ असंभव. ती तुटते ती गिअर बदलताना. चढावर पूर्ण जोर लावलेला असताना स्वाराने गिअर बदलला की, चक्राचा दाता बाहेरच्या पट्टीला आडवा रेटतो, आणि आडव्या रेट्यापुढे साखळीपाशी फारसे संरक्षण नसते. कारण रुंदी वाचवता वाचवता पिनेची टोके पट्टीच्या बाहेर नावालाही उरलेली नाहीत, ती ठोकून जेमतेम पसरवलेली असतात. पट्टी त्या टोकावरून उघडते, आणि पुढच्या दोन-चार पायडलांत साखळी वाटेवर पडते. हा दोष अरुंदपणाचा आहे, आणि तो हलक्या व जड दोन्ही साखळ्यांना सारखाच लागू आहे. तरीही शरीराने दांडगा असलेला स्वार, किंवा जो भर चढावर गिअर बदलायची सवय सोडू शकत नाही तो, भरीव पिनांच्या साखळीकडे वळला तर त्याला मी नाव ठेवणार नाही. विजेच्या मोटारीच्या सायकलींना कारखानदार स्वतःहून भरीव पिनांच्या आणि अधिक मजबूत ठोकलेल्या साखळ्या पुरवतात, यातच काय ते आले. स्रॅमने २०२३ मध्ये जी नवी मांडणी आणली, तिच्या साखळीच्या पट्ट्यांचा माथा सपाट ठेवून तिथे धातू वाढवला आहे, आणि जोर चालू असतानाच गिअर बदलावा अशी तिची रचना आहे. त्याच मांडणीतील सर्वांत महाग साखळीच्या पट्ट्यांना खाचा आणि पिनांना भोके आहेतच.

तुटलेल्या साखळीची एक हकीकत मात्र सांगण्यासारखी आहे. २०१५ च्या जूनमध्ये ऑस्ट्रियातील लेओगांग येथे विश्वचषकाची उताराची शर्यत होती. अमेरिकेचा ॲरन ग्विन सुरुवातीच्या फाटकातून निघाला आणि पहिल्याच जोरात त्याची साखळी तुटली. उरलेला सगळा उतार त्याने एकही पायडल न मारता, केवळ वळणांवर वेग न गमावता, पार केला आणि ती शर्यत जिंकली. उताराच्या शर्यतीत हे घडू शकते. चढाच्या शर्यतीत याच प्रसंगी सायकल खांद्यावर घेऊन धावावे लागले असते.

उरला प्रश्न कामगिरीचा, म्हणजे वेगाचा, आणि इथे हिशेब मांडून पाहणे उद्बोधक आहे. स्वार आणि सायकल मिळून ८० किलो धरले, तर २० ग्रॅम म्हणजे त्याचा चार-हजारावा भाग. तीव्र चढावर वेळ जवळजवळ वजनाच्या प्रमाणात लागतो. म्हणजे तासाभराच्या अखंड चढावर वीस ग्रॅमांनी वाचतो तो एक सेकंदही पुरता नाही. आता दुसरी बाजू. अमेरिकेत बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जेम्स स्पायसर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ च्या सुमारास सायकलीची साखळी यंत्रावर चालवून, उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्याने तिची तपासणी करून, तिची कार्यक्षमता मोजली. अत्यंत अनुकूल स्थितीत ती ९८.६ टक्के भरली, प्रतिकूल स्थितीत ८१ पर्यंत घसरली. चक्रे जितकी मोठी आणि साखळीवरची ओढ जितकी अधिक तितकी कार्यक्षमता चांगली, असे त्यांना आढळले; कारण १० दात्यांच्या चक्रावर प्रत्येक कडीला ३६ अंश वाकावे लागते, ५० दात्यांच्या चक्रावर केवळ ७.२ अंश, आणि जेवढे वाकणे कमी तेवढे घासणे कमी. प्रयोगशाळेतील स्वच्छ साखळीत तेल कोणते घातले याने विशेष फरक पडला नाही. पण डोंगरातील साखळी प्रयोगशाळेतील नसते. चिखलाने कार्यक्षमता एकच टक्का घटली, तर तासाभराच्या चढावर सुमारे ३६ सेकंद जातात, म्हणजे वीस ग्रॅमांनी जे मिळवले त्याच्या चाळीसपट. शिवाय पावसात डोंगरातून आलेल्या सायकलीवर चिखलच किलोने चढलेला असतो. त्याला तर वजनकाट्यावर कोणी कधी घालत नाही.

तेव्हा हलक्या साखळीचे आयुष्य आणि वेग हे दोन्ही अखेरीस तिच्या निगेच्या स्वाधीन आहेत. आपल्याकडे सायकलच्या दुकानातून साखळी रॉकेलच्या डब्यात बुडवून ब्रशाने घासण्याची आणि वरून भरपूर तेल ओतण्याची जी रीत आहे, तीत पहिला भाग बरा आणि दुसरा घातक. वर साचलेले तेल धूळ धरून ठेवते, आणि धूळ-तेलाचा तो काळा लगदा गळपट्टीच्या फटीतून आत शिरून, एखादी पॉलिशची पेस्ट करील तेच काम पिनेवर करीत राहतो. तेल रोलरच्या आत जायला हवे. एकेका रोलरवर एकेक थेंब घालून, साखळी फिरवून, बाहेरचे सारे फडक्याने पुसून घ्यावे. कोकणातील तांबड्या मातीच्या वाटांवर, उन्हाळ्यात जिथे धूळ टायरभर उडते, तिथे काही मंडळी तेलाला सपशेल फाटा देऊन वितळलेल्या पॅराफिन मेणात साखळी बुडवतात : मेण आत शिरून गोठते, बाहेरचे कोरडे राहते आणि धूळ चिकटत नाही. मुसळधार पावसात मेण फार तग धरीत नाही, आणि दर वेळी साखळी उतरवून बुडवण्याची यातायात पुष्कळांना मानवत नाही. पण साखळी कोणतीही असली तरी पहिल्यांदा मेण देण्यापूर्वी कारखान्यातील वंगण पुरते धुऊन काढावे लागते, हे न करता मेण दिले तर ते पिनेला धरत नाही आणि मेण वाईट असा निष्कारण बोभाटा होतो.

साखळी मोजायला विशेष हत्यार मिळते, पण त्यातील पुष्कळ हत्यारे रोलरची ढिलाईही मोजून साखळीला वेळेआधीच बाद ठरवतात. त्यापेक्षा पोलादी फूटपट्टी घ्यावी आणि एका पिनेच्या मध्यावर शून्य ठेवून साखळी हलकीच ताणून धरावी. नवी असेल तर बारा इंचांच्या खुणेवर दुसऱ्या पिनेचा मध्य नेमका येतो. पिनेचा मध्य बारा इंचांच्या पुढे एक-सोळांश इंच गेला, की तीच अर्ध्या टक्क्याची मुदत भरली. बारा चक्रांच्या साखळीला जोडणारी कडी स्रॅमच्या नियमाप्रमाणे एकदाच वापरायची असते, एकदा उघडली की नवी. ही नवी कडी, आणि वाटेत साखळी तुटली तर पीन बाहेर काढण्याचे लहान हत्यार, दोन्ही मिळून जे वजन होते ते हलक्या साखळीने वाचवलेल्या ग्रॅमांहून जास्तच भरते, पण ते पिशवीत असावे.